डावी कड

गाडी सुरू करण्याआधी हवालदार तिच्याभोवती एक फेरी मारायचे. कितीही घाई असली तरी. उजव्या दारापासून निघायचं, पुढच्या चाकाला बुटाचं टोक मारायचं, बॉनेटवर तळहात टेकायचा, वाकून खाली ऑइल गळलंय का बघायचं, मागच्या फाळक्याची कडी ओढून बघायची आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा दाराशी यायचं. मग आत बसलेल्या सगळ्यांवर एकदा नजर टाकून म्हणायचे, "ठीक हाय. चला." ते "ठीक हाय" ऐकल्याशिवाय पायरेवाडीची माणसं गाडीत नीट टेकून बसत नसत.

पायरेवाडीच्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून सात वर्षं काढली. माझं माहेर माधवनगरचं. वडील तिथल्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी सपाट रस्त्यांवर वाढलेली मुलगी. पाटणच्या वरच्या पठारावर नेमणूक झाली तेव्हा एसटीतून उतरले ती थेट एका पवनचक्कीच्या पायथ्याशी. तिथवर रस्ता गुळगुळीत डांबरी होता, कारण पवनचक्क्यांची लांबलचक पाती वर न्यायला तो करावाच लागला होता. शेवटच्या पवनचक्कीपाशी डांबर संपलं होतं. पुढे नऊ किलोमीटर नुसती लाल माती आणि दगड, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. पायरेवाडी आणि तिच्या दोन वस्त्या त्या नऊ किलोमीटरच्या शेवटी.

कंडक्टरने माझी ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाला, "इथंच थांबा सिस्टर. मिल्ट्री येईल."

मिल्ट्री म्हणजे हवालदारांचा छोटा ट्रक. लष्करात ज्याला वन-टन म्हणतात तसला, चारी चाकांना जोर असलेला, लिलावात निघालेला. हवालदारांनी तो निवृत्त झाल्यावर घेतला होता. हिरवा रंग उडून जागोजागी पत्रा दिसायचा, पण इंजिनचा आवाज असा की लांबून ऐकला तरी माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. सकाळी दुधाचे कॅन खाली, येताना पेंड, सिमेंट, रेशन, शाळेची पुस्तकं आणि वर बसलेली माणसं. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत दुसरी कुठलीही गाडी त्या रस्त्यावर पाय ठेवत नसे.

हवालदारांचं नाव मारुती शेडगे, पण नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे; ते नाव मी फक्त रेशनच्या यादीत वाचलं. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या मिशा कात्रीने सरळ रेषेत कापलेल्या. बारा महिने कोपराला ठिगळ लावलेला लष्करी स्वेटर. बोलणं मोजकं. गुरं आडवी आली तर हॉर्न वाजवत नसत, इंजिन बारीक करून थांबत. "त्यांचा रस्ता आपल्या आधीपासनं हाय," म्हणत. आणि एक शब्द ते कधी वापरत नसत, तो म्हणजे अपघात. कुणी पेपरातली बातमी सांगितली की विचारायचे, "चूक कुणाची हुती?" त्यांच्या लेखी रस्त्यावर जे काही वाईट होतं ते कुणाच्या तरी चुकीनं. नशीब, वेळ, साडेसाती हे सगळं त्यांना फालतू वाटायचं.

एकदा एसटीची वाट बघत पवनचक्कीखाली बसलो होतो तेव्हा त्यांनी मला लडाखकडची हकिकत सांगितली. ती त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

गाड्यांची रांग चालली होती. त्यांच्या पुढच्या गाडीवर एक नवा ड्रायव्हर होता, सांगलीकडचाच. त्याने हौसेनं स्वतःच्या पैशांनी गाडीला मोठे दिवे बसवून घेतले होते. "झगझगीत उजेड पडायचा. आमी समदे म्हणायचो, गड्या तुझी मजा हाय." पण उजेड दिसायला लागला तसा तो गाडी जोरात घ्यायला लागला. बर्फ पडून गेलेलं होतं, एका वळणावर चाकांनी रस्ता धरला नाही आणि गाडी गेली.

"उजेड वाढला की पाय जड हुतो, सिस्टर," हवालदार म्हणाले. "गाडी खाली गेली तवाबी दिवे चालूच हुते. वरनं आमाला दिसत हुते. खाली जायला वाट न्हवती. बॅटरी उतरस्तवर दिसत हुते."

तेवढ्यात एसटी आली, ते कॅन उचलायला गेले.

असा हा माणूस, चौथ्या वर्षी एके दिवशी उपकेंद्राच्या दारात येऊन म्हणाला, "सिस्टर, तुमी माधवनगरला जाणार न्हवं? मीबी येतो सांगलीपर्यंत. गाडीला जादाचे दिवे घ्यायचेत."

मला नवल वाटलं. त्या गाडीला दोन दिवे होते आणि तेवढ्यावर त्यांनी इतकी वर्षं काढली होती. पण धुकं वाढलंय, दुधाची वेळ अलीकडे आलीय, अशी काहीतरी कारणं त्यांनी सांगितली आणि मला ती पटली. बजेट ठरलेलं होतं: एक बोकड विकला होता, त्याचे जेवढे आले त्यात सगळं बसवायचं, वर एक रुपया नाही. बायकोला तसा शब्द दिला होता.

कराड, इस्लामपूर, आष्टा करत आम्ही एसटीने सांगलीला गेलो. इस्लामपूरच्या स्टँडवर चहाला उतरताना वाटेत ठेवलेल्या एका पिशवीला पाय अडकून ते पडता पडता वाचले. पिशवीवाली बाई ओरडली. "दिसली न्हाई, माफ करा," म्हणाले आणि बाईचे सांडलेले कांदे वाकून गोळा करून दिले. मी आपली हसले.

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ ट्रकच्या सामानाची दुकानं आहेत. हळदीच्या गाड्या तिथे थांबतात, त्यामुळे रस्ताभर हळदीचा वास. एका दुकानात शिरलो. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने आधी टपावर लावायची लांब पट्टी काढली, एका रांगेत बारीक बारीक दिवे असलेली. बटण दाबलं तर भर दुपारी डोळे दिपले.

"हे बघा. पोरं हेच घेऊन जात्यात. अर्धा किलोमीटर दिवस पडतो."

"अर्धा किलोमीटर बघून मी काय करू?" हवालदार म्हणाले. "माझ्या रस्त्याला पन्नास फुटावर वळण हाय. आन टपावर लावलं की धुक्यात म्होरं पांढरी भिंत उभी ऱ्हाती. समोरनं येणाऱ्याला काय दिसंल? मरंल की तो."

"मग कसलं पाहिजे?"

"लांबचं नको. रुंद पायजे. दहा-पंधरा फूट म्होरं, आन दोन्ही कडंला. चाकाच्या बाजूला जमीन हाय का न्हाई एवढं दिसलं पायजे."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत लांबचा उजेड नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदा भेटलं होतं. त्याने तीन-चार खोकी काढली. हवालदारांनी एकेक खोकं माझ्या हातात दिलं. "सिस्टर, ह्यावर काय लिवलंय जरा वाचा." मला वाटलं, इंग्रजी आहे म्हणून. एका खोक्यावर साठ वॅट लिहिलं होतं. हवालदार म्हणाले, "साठ लिवलंय खरं. खातोय किती बघू." दुकानातल्या बॅटरीला मीटर लावून पाहिलं तर तो दिवा जेमतेम वीस वॅट घेत होता. "खोक्यावरचं आमी न्हाई लिवत," दुकानदार कसनुसा हसत म्हणाला.

मग हवालदारांनी विचारलं, "बादली हाय का?"

"कसली बादली?"

"पाण्यानं भरलेली. दिवा पेटवून तिच्यात ठेवायचा. चहा पिऊन हुईस्तवर."

"आन पाणी शिरलं तर? माझा माल गेला की!"

"तुमचा एक दिवा जाईल," हवालदार शांतपणे म्हणाले. "माझा डोंगरावर गेला तर गाडीत बारा माणसं असत्यात."

दुकानदाराने स्वतः आतून बादली भरून आणली आणि तीन चहा सांगितले. शेजारच्या दुकानातले दोन-तीन ड्रायव्हर बघायला जमले. पहिल्या दिव्यातून चहा यायच्या आधीच बुडबुडे निघाले. दुसरा थोडा वेळ टिकला आणि काचेच्या आत थेंब दिसायला लागले. तिसरी जोडी दुकानदाराने मागच्या फळीवरून धूळ झटकून काढली. जाड काचेचे, पिवळसर उजेडाचे बसके दिवे. झगमगाट नाही म्हणून कुणी घेत नव्हतं. तो दिवा पाण्यात तसाच पेटून राहिला, बादलीतलं पाणी पिवळं दिसायला लागलं. चहा संपला, हवालदारांनी दिवा काढून पुसला, काचेला नाक लावून आत पाहिलं आणि म्हणाले, "ठीक हाय."

उरलेल्या पैशांची त्यांनी जाड तार, रिले, फ्यूज आणि रबरी नळी घेतली. दुकानदार म्हणाला, "दिव्यांपेक्षा तारेलाच जास्त घालवताय तुम्ही."

"दिवा बिघडला तर अंधार हुतो. तार बिघडली तर आग लागती."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दिवे स्वतः बसवले, बंपरच्या खाली, शक्य तेवढे बसके. संध्याकाळी गाडी शाळेच्या भिंतीसमोर सपाट जागेवर उभी केली आणि मला खडू घेऊन बोलावलं. भिंतीवर दिव्यांच्या उंचीची एक रेघ आधीच मारली होती. "उजेडाची वरची कड ह्या रेघंच्या खाली चार बोटं आली पायजे. वर गेला तर धुक्यात तो परत फिरून आपल्याच डोळ्यात येतो." ते बोल्ट सैल करून दिवा किंचित कलवायचे आणि विचारायचे, "आता कुठं आली कड?" मी खडूने खूण करायची. "आन बाजूला? डावीकडं कुठवर गेलाय उजेड?" मी सांगायची, पार पिंपळाच्या पारापर्यंत. "नक्की?" "नक्की." पुन्हा थोडं फिरवायचे, पुन्हा विचारायचे. दोनदा तर उजेड अगदी लख्ख दिसत असताना त्यांनी मला विचारलं. माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, माणूस काटेकोर आहे.

त्याच हिवाळ्यात आमच्या उपकेंद्राने शाळेत डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. दोन्ही वस्त्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणायला हवालदारांनी तीन खेपा केल्या. एकेकाला हाताला धरून खुर्चीपर्यंत आणायचे, घाबरलेल्या म्हातारीला म्हणायचे, "काय दुकत न्हाई, नुसतं बघायचं हाय." सगळे संपल्यावर मी तक्त्याकडे बोट करून म्हटलं, "हवालदार, आता तुम्ही बसा."

"माझं कशाला? गाडी चालवतोय की रोज. न दिसता चालवतो व्हय?"

सगळी शाळा हसली. मीही हसले. शिबिराच्या कागदावर त्यांचं नाव नाही. तो कागद मीच भरला होता.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टची गोष्ट. वरच्या वस्तीवरची लता, तिची दुसरी खेप, दिवस भरत आले होते. पहाटे तिची सासू बोलवायला आली. मी तपासलं, मूल आडवं होतं. माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. फोनला रेंज मिळाली ती देवळामागच्या टेकाडावर. ॲम्ब्युलन्स पवनचक्कीपर्यंत येणार होती. त्याच्या पुढे तिला येता येणार नव्हतं.

हवालदार गाडी घेऊन आले तेव्हा फटफटत होतं, पण धुकं एवढं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. लताला मागे गोधड्या घालून निजवलं. मी तिच्याजवळ चढायला लागले तर हवालदार म्हणाले, "सिस्टर, तुमी पुढं बसा."

"मला तिच्याजवळ बसायला पाहिजे."

"सासू हाय तिच्याजवळ. तुमी पुढं या."

"हवालदार, पोटातलं मूल—"

"पुढं या म्हणतो न्हवं!"

इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी पुढे जाऊन बसले. पाठीमागच्या जाळीच्या खिडकीतून लता दिसत होती, एवढंच. गाडी सुटली आणि ते म्हणाले, "खिडकी खाली घ्या. मान भाईर काढा. डावी कड सांगत चला. चाकापासनं किती हात हाय, ते सारखं सांगत ऱ्हा."

खाली उतरताना दरी डाव्या हाताला येते. मी मान बाहेर काढली. धुक्यात ते पिवळे दिवे पुढे फार लांब जात नव्हते, पण चाकाच्या बाजूची माती, गवत, दगड मला स्वच्छ दिसत होते. मी सांगत सुटले. "चार हात. चार. तीन. तीन हात. दगड आहे. अडीच." मी आकडा सांगितला की स्टिअरिंग तेवढंच फिरायचं. मागून लताचं कण्हणं ऐकू येत होतं. मी एकदा मागे वळले तर ते लगेच म्हणाले, "कड सांगा."

पाच-सहा किलोमीटर गेलो असू. मी "तीन हात" म्हणाले, "दोन" म्हणाले, आणि त्याच्या पुढे माती संपली होती. पिवळा उजेड जमिनीवर पडत होता तो एका रेषेवर तुटला होता.

"कड नाही!" मी किंचाळले. "हवालदार, कड नाहीच!"

गाडी जागेवर थांबली. मी दार उघडून पायरीवर उभी राहिले. रात्रीच्या पावसात गाडीच्या लांबीएवढी रस्त्याची डावी बाजू खाली गेली होती. पुढचं डावं चाक त्या तुटलेल्या जागेपासून एक हातावर होतं.

मी आत बसले. हवालदारांनी गाडी मागे घेतली आणि डोंगराला इतकी चिकटवून काढली की उजवा आरसा दगडाला घासून तुटला. पुढची कड मी सांगत राहिले. पवनचक्कीखाली ॲम्ब्युलन्स उभी होती. लताला आत घेतलं, मी तिच्याबरोबर चढले. दार लागताना मला दिसलं, हवालदार ट्रकच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

कराडला सिझेरियन झालं. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एसटीने परत आले. धुकं निवळलं होतं. ट्रक तिथेच, त्याच जागी उभा होता आणि हवालदार त्याच पायरीवर बसलेले होते. आधी मला वाटलं, मला न्यायला आलेत.

"लता?"

"दोघी ठीक आहेत. मुलगी आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "गाडी कालपासनं इथंच हाय. मी चालत आलो. सिस्टर, माझं डोळं तपासा."

"इथं?"

"हितंच."

माझ्याकडे काही साधन नव्हतं. पण बाजूचं दिसतं का हे बघायला साधन लागत नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, म्हटलं, उजवा डोळा हाताने झाका, माझ्या नाकाकडे बघा, बोट दिसलं की सांगा. मी डाव्या बाजूने माझं बोट लांबून हळूहळू पुढे आणायला लागले. त्यांच्या कानाच्या रेषेत आलं, गालाच्या रेषेत आलं. ते माझ्या नाकाकडे बघत शांत बसले होते. बोट माझ्या चेहऱ्यासमोर येऊन पोचलं तेव्हा म्हणाले, "आता."

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. दुसरा डोळा जरा बरा होता. फार नाही.

"काचबिंदू म्हणाले कराडचे डॉक्टर," हवालदार म्हणाले. "दीड वर्स झालं. गाडी सोडा म्हणाले. मी म्हटलं, समोरचं तर दिसतंय. कडंचंच कमी दिसतंय, तर कडंला उजेड वाढवू." त्यांनी बंपरखालच्या दिव्यांकडे बोट केलं. "उजेड बराबर पडला हुता काल. तुमाला दिसला. मलाच दिसला न्हाई."

सांगलीतलं दुकान, शाळेची भिंत, शिबिर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. पण त्या वेळी मला दया आली नाही. मला संताप आला.

"दीड वर्ष तुम्ही माणसं बसवून नेलीत. शाळेतली पोरं नेलीत."

"व्हय."

"काल मला लताजवळ बसू दिलं नाहीत. वाटेत तिचं काही झालं असतं तर?"

"व्हय."

एकाही गोष्टीला त्यांनी कारण दिलं नाही. मला ते हवं होतं, म्हणजे भांडता आलं असतं. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि उठले. ते नऊ किलोमीटर आम्ही चालत गेलो. मी पुढे, ते मागे. तुटलेल्या जागेपाशी त्यांच्या बुटांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

त्या संध्याकाळी त्यांनी गावाला देवळात जमवलं आणि उभं राहून सांगितलं. "मला दिसत न्हवतं आन मी सांगितलं न्हाई. चूक माझी हाय. आजपास्नं मी गाडी चालवणार न्हाई."

सरपंच म्हणाले, "आवं, एवढं काय मनावर घेताय? आमी बसतो की कड सांगायला. पाळीनं बसू."

"सिस्टर जाग्या हुत्या म्हणून वाचलो. उद्या सांगणाऱ्याला डुलकी लागली तर?"

"आन दुधाचं काय? औषधपाण्याचं काय? एवढी वर्सं नेलंत आन आता मध्येच सोडताय व्हय?" मागून कुणीतरी कडू बोललं. हवालदारांनी ते ऐकून घेतलं. ज्या गावासाठी त्यांनी दीड वर्ष सत्य लपवलं होतं, ते गाव आता सत्य सांगितल्याबद्दल त्यांच्यावर रागावलं होतं.

ट्रक तीन आठवडे पवनचक्कीखाली उभा राहिला. कॅन डोक्यावरून खाली जायला लागले, दोन घरांनी म्हशी विकल्या. माझा राग हळूहळू ओसरला. मी त्यांना मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, थेंब नेमाने टाकले तर उरलेली काही दिवस टिकेल. हवालदार म्हणाले, "हुकूम," आणि त्या दिवसापासून घड्याळ लावून थेंब टाकायला लागले.

परत आलो त्या दिवशी त्यांची सून मंगल अंगणात उभी होती. तिचा नवरा, हवालदारांचा मुलगा, लष्करात उत्तरेकडे होता. मंगल तिशीची, अबोल. तिने सासऱ्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "मामंजी, मला गाडी शिकवा."

सासू आतून म्हणाली, "काय बोलतीस? डोकं फिरलंय का?"

हवालदारांनी विचारलं, "कड दिसती का तुला?"

"दिसती."

"भ्या वाटतं?"

"वाटतं."

"मग शिकवतो."

पहिले चार दिवस त्यांनी तिला गाडीला हातच लावू दिला नाही. दोघं नऊ किलोमीटर चालत जायची आणि चालत यायची. कुठे पाणी साचतं, कुठे मुरूम सुटा आहे, कुठल्या वळणावर गिअर आधी बदलायचा, ते सगळं तिच्याकडून पाठ करून घेतलं. मग कराडला शिकाऊ परवाना काढला. गाडीत ते तिच्या डाव्या बाजूला बसायचे, काच खाली करून, आणि समोर बघत नसतानाही बरोबर वेळी म्हणायचे, "आता उंबर आला. आता गती कमी." एकदा ती रडत घरी आली, चढावर गाडी मागे गेली होती. त्यांनी तिला चहा करून दिला. मी तिथे होते, आणि त्या घरात पुरुषाने चूल पेटवलेली मी पहिल्यांदा बघितली.

पक्का परवाना मिळाल्यावरही लोक गाडीत बसेनात. "बाईच्या हातात गाडी" म्हणून आठ दिवस नुसते कॅन गेले. नवव्या दिवशी मी लसीचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. दहाव्या दिवशी लता आपल्या मुलीला घेऊन मागे चढली. तिच्या मागून दोन म्हाताऱ्या चढल्या. मग कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर दीड वर्षाने माझी बदली इस्लामपूरला झाली. निरोपाच्या दिवशी हवालदार आले होते, पण गर्दीत लांब भिंतीला टेकून उभे राहिले. डावा डोळा तोवर पूर्ण गेला होता. मी जवळ जाऊन हात धरला तर म्हणाले, "त्या दिवशी तुमी रागावला हुता, ते बरं केलं." एवढंच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मागच्या वर्षी. लसीकरणाच्या तपासणीसाठी सरकारी जीपने पायरेवाडीला गेले होते. रस्ता तसाच होता, डांबर अजून शेवटच्या पवनचक्कीपाशीच थांबलेलं. हवालदारांच्या घरी गेले तर मंगल म्हणाली, "मामंजी घरात नसत्यात दुपारचं. रस्त्यावर असतील."

काम आटोपून उतरायला लागलो तेव्हा चार वाजले होते. गावापासून दोन किलोमीटरवर एक माणूस रस्त्याच्या मधोमध हळूहळू चालत होता, काठी जमिनीला टेकवत. काठी कशाला तरी अडली. तो वाकला, हातांनी चाचपून डोक्याएवढा दगड उचलला आणि एकेक पाऊल पुढे सरकवत कडेपर्यंत गेला. बुटाने कड चाचपली आणि दगड खाली सोडला. मग परत मध्यावर आला.

जीपचा आवाज ऐकून तो डोंगराच्या बाजूला सरकून ताठ उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, "आंधळा दिसतोय म्हातारा. कशाला फिरतोय असा?"

मी जीप थांबवायला सांगितली आणि काच खाली केली. "हवालदार."

त्यांनी मान आवाजाकडे वळवली. मिशा तशाच सरळ कापलेल्या होत्या. "सिस्टर? आवाज बारीक झाला तुमचा."

"काय करताय इथं एकटे?"

"दगड येत्यात वरनं. गुरं पाडत्यात. काढून टाकतो."

"दिसत नाही, तरी?"

"पायाला लागतोय की," ते म्हणाले.

मी दाराला हात घातला. कडीचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा. त्यांनी काठी उचलून मला थांबवलं.

"उतरू नका, सिस्टर. उजेड हाय तवर घाट उतरा."

जीप निघाली. वळणावर मी मागे पाहिलं. ते रस्त्याच्या मध्ये आले होते, आणि पुन्हा वाकले होते.